गिझर, अर्थिंग आणि पायाखालची जमीन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कित्येक घरांत मे महिन्यात बंद केलेला गिझर थेट दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला, पहाटे पाच वाजता चालू होतो. त्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत माझ्याकडे दोन तऱ्हेचे निरोप येतात. पहिला असा : "गिझर लावला की मेन पडतोय, ताबडतोब या." दुसरा असा : "नळाला हात लावला की मुंग्या येतात. तसं फार काही नाही, सवडीनं या." पहिल्या घरातली माणसे वैतागलेली असतात आणि दुसऱ्या घरातली निवांत. खरे तर हे उलट हवे. ज्या घरात मेन पडतो, तिथे कुणीतरी पहाऱ्यावर जागे आहे. ज्या घरात नुसत्या मुंग्या येतात, तिथे पहाऱ्यावर कुणीच नाही. दुसऱ्या निरोपाला मी सवडीने जात नाही, हातातले काम टाकून जातो.

घरोघरची वायरिंग तपासणे हा माझा व्यवसाय. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत तीस वर्षे हेच केले. एवढ्या वर्षांत आपली न्हाणीघरे पार बदलली. पूर्वी परसात तांब्याचा बंब असे. त्यात गोवऱ्या, चिपाडे, लाकडाच्या ढलप्या घालायच्या आणि धूर डोळ्यांत घेत पाणी तापवायचे. मग रॉड आला, मग गिझर. धूर गेला हे फार चांगले झाले. पण बंबाच्या वेळी विस्तव आणि अंघोळीचे पाणी यांच्यामध्ये तांब्याचा जाड पत्रा असे आणि विस्तव डोळ्यांना दिसे. गिझरमध्ये वीज आणि पाणी यांच्यामध्ये जे असते ते दिसत नाही. म्हणून आधी तेच सांगतो.

गिझरमधली कॉइल म्हणजे तीन थरांची नळी. अगदी मध्ये नायक्रोमची बारीक गुंडाळलेली तार, जी तापते. तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची दाबून भरलेली पांढरी पूड. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. आणि सर्वांत बाहेर तांब्याचे किंवा तशाच एखाद्या मिश्रधातूचे आवरण, ज्याला पाणी लागते. सारी सुरक्षितता त्या पुडीवर आणि त्या आवरणावर अवलंबून. आवरणाला केसाएवढी चीर गेली तरी पाणी आत शिरते, पूड ओली होते आणि ओली पूड वीज अडवत नाही. कॉइलच्या टोकांशी पुडीचे तोंड लाखेसारख्या पदार्थाने बंद केलेले असते, ते जुने झाले की हवेतला दमटपणाही आत झिरपतो. पावसाळाभर बंद राहिलेला गिझर दिवाळीत मेन पाडतो तो पुष्कळदा याच कारणाने.

आवरणाला चीर का जाते? आपल्याकडे त्याचे मोठे कारण बोअरचे पाणी. सांगली जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी बोअरचे पाणी इतके जड की भांड्यांवर पांढरे डाग पडतात, साबणाला फेस येत नाही. हेच क्षार तापलेल्या कॉइलवर बसतात. दोन-तीन वर्षांनी उघडलेल्या गिझरमधली कॉइल चुन्याने सारवलेल्या काठीसारखी दिसते. थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, आतल्या आत साठते. कॉइल आधी जास्त तापते आणि मग फुटते. बोअरचे पाणी असेल तर दर एक-दोन वर्षांनी कॉइल काढून साफ करणे हे पाणी लवकर तापावे म्हणून नव्हे, फुटू नये म्हणून करायचे.

आता कॉइल फुटली असे धरू. वीज टाकीच्या पत्र्याला आली, पाण्यालाही आली. पुढे काय होते?

विजेबद्दल एक समज आपल्याकडे पक्का बसला आहे : ती जमिनीत जाते. ती जमिनीत मुरत नाही. वीज जिथून निघाली तिथे परत जाते. तुमच्या घरात ती गावच्या डीपीवरून आली, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, तर तिला त्या डीपीकडेच परत जायचे असते. नेहमीची वाट म्हणजे न्यूट्रलची तार. पण डीपीचा न्यूट्रल तिथल्या जमिनीत अर्थ केलेला असतो, त्यामुळे जमीन ही तिची दुसरी वाट ठरते. नळ धरून ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस म्हणजे या दुसऱ्या वाटेवरचा पूल.

या पुलावरून किती वीज जाईल याचा हिशेब शाळेतल्या ओहमच्या नियमाने होतो. कोरड्या कातडीचा रोध काही हजार ते लाखभर ओहमपर्यंत असतो, म्हणून कोरड्या हाताला लागलेला झटका बहुतेकदा निभावतो. अंघोळीत अंग भिजलेले, पाय ओले, केस ओले; अशा वेळी शरीराचा रोध साधारण १,००० ओहम धरतात. २३० व्होल्ट भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर, किंवा २३० मिलिअँपिअर. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. पन्नासच्या पुढचा प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते, ते धडधडण्याऐवजी नुसते थरथरत राहते. २३० हा आकडा या सगळ्याच्या कितीतरी पलीकडचा आहे.

"पण आमच्याकडे एमसीबी आहे की," हे उत्तर मला दहापैकी आठ घरांत मिळते. एमसीबी पाहतो तो फक्त एकूण प्रवाह. दोन किलोवॅटचा गिझर मुळात पावणेनऊ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा तेरा. त्यासाठी सोळा अँपिअरचा एमसीबी बसवलेला. माणसातून जाणारा पाव अँपिअर त्याला कळणार कसा? गुळाच्या ढेपेवर माशी बसली म्हणून तराजूचा काटा हलत नाही. एमसीबी तारा जळू नयेत म्हणून आहे, माणूस वाचावा म्हणून तो केलेलाच नाही. जुन्या घरांतल्या चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजबद्दल तर बोलायला नको. त्यात दिवाळीच्या माळेची तार दुहेरी पीळ देऊन घातलेली मी पाहिली आहे.

मग येते अर्थिंग. आणि इथे आपल्या दोन जिल्ह्यांची गोष्ट सुरू होते.

अर्थिंगचे काम असे : गिझरच्या पत्र्याला आलेल्या विजेला माणसापेक्षा कितीतरी सोपी वाट आधीच करून ठेवायची, म्हणजे पत्र्यावरचा दाब उतरेल आणि प्रवाह इतका मोठा होईल की एमसीबी पडेल. यासाठी भारतीय मानकात, आयएस ३०४३ मध्ये, ३८ मिलिमीटर व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप जमिनीत उभा गाडण्याची पद्धत दिली आहे. भोवती मीठ-कोळसा आणि वरून पाणी घालायला नरसाळे. चित्र एकच, पण जमीन एक नाही.

माती वीज वाहून नेते ती तिच्यातल्या ओलीमुळे, आणि त्या ओलीत विरघळलेल्या क्षारांमुळे. कृष्णाकाठची काळी जमीन, वाईपासून कऱ्हाड, पलूस, सांगलीपर्यंतची, ओल धरून ठेवते. तिथे चांगला केलेला अर्थिंगचा खड्डा बाराही महिने बऱ्यापैकी काम देतो. वाळवा, मिरज भागात उसाला पाणी जास्त होऊन ज्या जमिनी क्षारपड झाल्या, तिथे तर अर्थिंग उत्तम! शेतकऱ्याचे ज्याने नुकसान झाले त्याने वायरमनचे काम सोपे केले. मात्र तोच क्षार जीआय पाइप खातो. वर मातीत नरसाळे दिसते, खाली पाइपचा गंजून भुगा झालेला असतो, आणि हे खणल्याशिवाय किंवा मोजल्याशिवाय कळत नाही.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे या. हात-दीड हात माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. पाऊस बेताचा. अडीच मीटर खोल खणायचे म्हणजे ब्रेकर लावावा लागतो, म्हणून खड्डा हातभरच होतो. ऑगस्टमध्ये तो ठीक असतो. फेब्रुवारीनंतर त्यात मीठ आणि कोळसा उरतो, ओल उरत नाही. नरसाळ्यात रोज बादलीभर पाणी घाला असे मी टँकरवर जगणाऱ्या वस्तीला कोणत्या तोंडाने सांगू?

महाबळेश्वर-पाचगणीला उलट वाटेल. तिथे पावसाला तोटा नाही आणि गिझरची गरजही सर्वांत जास्त. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी हिवाळ्यात आपण वाचतोच. पण तिथली जमीन जांभ्याची. जांभ्यातून पाणी निथळून जाते आणि जाताना क्षारही धुऊन नेते. एवढ्या पावसाच्या गावातही अर्थिंग कमजोर निघते, याचे तिथल्या लोकांना नवल वाटते.

या सगळ्याचा अर्थ आकड्यांत पाहू. काळ्या जमिनीतला चांगला खड्डा आणि डीपीकडची वाट मिळून रोध पाच ओहम धरा. कॉइल फुटून पत्र्याला पूर्ण फेज आली तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर जातील. सोळाचा एमसीबी पडेल, पण लगेच नव्हे. त्याला काही सेकंद लागतील, कधी त्याहूनही जास्त. आता मुरमातला कोरडा खड्डा घ्या, रोध १०० ओहम. २३० भागिले १०० म्हणजे २.३ अँपिअर. हा एमसीबी आता कधीच पडणार नाही. गिझर पाणी तापवत राहील, पत्रा आणि नळ जवळजवळ २३० व्होल्टवर राहतील, आणि अर्थिंगच्या तारेतून अर्ध्या युनिटहून अधिक वीज दर तासाला मुरमात फुकट जाईल. घरमालक शपथेवर सांगेल की आमच्याकडे अर्थिंग आहे, आणि ते खोटेही नसेल.

माण तालुक्यातल्या एका घरी मी जानेवारीत गेलो होतो. नव्या बांधणीचे टुमदार घर, न्हाणीघराला छतापर्यंत टाइल्स. नळाला मुंग्या येत होत्या दिवाळीपासून. घरातल्या आजी मला म्हणाल्या, "दादा, चप्पल घालून आंघूळ केली की काय हुत न्हाय बगा. आमी समदी तसंच करतोय." गिझरच्या सॉकेटमधली हिरवी तार मी मागे मागे काढत गेलो. ती भिंतीतून बाहेर येऊन जोत्याला ठोकलेल्या एका खिळ्याला गुंडाळलेली होती. जोते काँक्रीटचे, रंग दिलेले. खिळ्याखाली ओल नाही, माती नाही. घरात दोन शाळकरी मुले होती. मी आजींना म्हटले, "आजी, पोरांची चप्पल एखाद्या दिवशी निसटली तर?" त्या काही बोलल्या नाहीत. गिझरचा फ्यूज मी काढून त्यांच्या मुलाच्या हातात दिला आणि काम पूर्ण होईपर्यंत चुलीवर पाणी तापवायला सांगितले.

मुंग्या येतात म्हणजे गळणारा प्रवाह आज थोडा आहे, एवढेच. तो उद्या थोडाच राहील याची हमी कुणी दिलेली नाही. चप्पल, लाकडी पाट, रबरी पायपुसणे हे कोरडे असेतोवर उपयोगी, आणि न्हाणीघरात कोरडे काही राहत नाही.

तर मुरमावर आणि जांभ्यावर राहणाऱ्यांनी करायचे काय? इथे ती वस्तू येते जिला आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो आणि जिचे आजचे नाव आरसीसीबी. तिचे काम मी खेड्यात मेंढ्यांच्या भाषेत सांगतो. मेंढपाळ सकाळी वाड्यातून मेंढ्या सोडताना मोजतो, संध्याकाळी परतताना मोजतो. शंभर गेल्या, नव्व्याण्णव आल्या, तर एक कुठे गेली हे तो नंतर शोधेल. आधी दार लावेल. आरसीसीबीच्या पोटात लोखंडी कडे असते आणि फेज-न्यूट्रलच्या दोन्ही तारा त्यातून जातात. जितका प्रवाह फेजमधून गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. थोडा जरी दुसऱ्या वाटेने गेला, माणसातून म्हणा, अर्थिंगमधून म्हणा, की कड्यात फरक उमटतो आणि खटका पडतो. गिझर नऊ अँपिअर घेतो की तेरा, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. त्याचे लक्ष फक्त हरवलेल्या मेंढीकडे.

माणसांसाठीचा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. हा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील चार्ल्स डॅलझिल या प्राध्यापकांनी शंभरहून अधिक स्वयंसेवकांच्या हातांतून थोडाथोडा प्रवाह सोडून, कितीपर्यंत माणूस धरलेली तार स्वतःहून सोडू शकतो हे मोजले. पुरुषांत सरासरी सोळा मिलिअँपिअरच्या आसपास, स्त्रियांत साडेदहाच्या आसपास. त्याच डॅलझिल यांनी १९६१ मध्ये गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण बनवले. अमेरिकेत ते ५ मिलिअँपिअरला पडते, आणि १९७५ पासून तिथल्या विद्युत संहितेने नव्या घरांच्या न्हाणीघरातील सॉकेटसाठी ते आवश्यक केले. आपल्याकडे आणि युरोपात ३० चा आकडा घेतला. तीस मिलिअँपिअरचा झटका जोरदार लागतो, ओरडायला लावतो. पण खटका इतक्या झटपट पडतो की हृदयाची लय बिघडायला वेळच मिळत नाही. मोठी गळती असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात वीज बंद.

आता तो १०० ओहमचा कोरडा खड्डा पुन्हा घ्या. एमसीबीला २.३ अँपिअर दिसत नव्हते. आरसीसीबीच्या दृष्टीने ते २,३०० मिलिअँपिअर आहेत, त्याला हव्या असलेल्या तिसाच्या पाऊणशेपट. खड्डा आणखी सुकून ५०० ओहमवर गेला तरी ४६० मिलिअँपिअर गळतील आणि खटका पडेलच. आणि तो पडेल कॉइल फुटली त्याच क्षणी, नळाला कुणी हात लावण्याआधी. मी म्हणतो ते एवढ्यासाठीच : आपल्या कोरड्या तालुक्यांत नुसत्या अर्थिंगवर गिझर वापरता येत नाही. तिथे अर्थिंगला आरसीसीबीची जोड लागते, आणि जोड मिळाली की साधे, मध्यम प्रतीचे अर्थिंगही पुरते. अर्थिंग अजिबात नसताना नुसता आरसीसीबी असेल तर? तर तो माणसाला झटका लागल्यावर पडेल. वाचवेल बहुधा, पण आधी झटका बसेल. म्हातारे माणूस त्या झटक्याने घसरून पडले तर ती वेगळीच इजा. म्हणून दोन्ही हवे.

हे फक्त आपल्या गावखेड्यातले दुखणे आहे असे समजू नका. जानेवारी २००८ मध्ये बगदादजवळच्या तळावर अमेरिकी लष्कराचा एक तरुण जवान शॉवर घेताना विजेच्या धक्क्याने मरण पावला. इमारतीवरच्या पाण्याच्या पंपात बिघाड झाला होता आणि पंपाला धड अर्थिंग नव्हते. वीज पाइपांतून शॉवरपर्यंत आली. पुढे तिथल्या संसदेत यावर सुनावण्या झाल्या. जगातल्या सर्वांत श्रीमंत लष्कराकडे साधनांची कमतरता नव्हती. एक तार जिथे जायला हवी तिथे गेलेली नव्हती. गच्चीवर प्रेशर पंप बसवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गिझर निर्दोष असूनही नळाला वीज येऊ शकते.

जोडणीतल्या काही खोडी मी वारंवार पाहतो, त्या सांगायलाच हव्यात. सर्वांत वाईट म्हणजे सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देणे. टेस्ट लॅम्प लावला की लागतो, मालक खूश. पण वाऱ्यापावसात कुठेतरी न्यूट्रलची तार तुटली, किंवा दुरुस्तीत फेज-न्यूट्रल उलटसुलट झाले, की गिझरचा सगळा पत्रा फेजवर येतो. आणि तो कॉइल फुटलेली नसतानाही येतो. दुसरी खोड, आरसीसीबी "सारखा पडतो" म्हणून त्याला बाजूला सारून तारा सरळ जोडणे. तो पडतो त्याला कारण असते. एक तर खरोखर गळती असते, आणि ती बहुधा गिझर, पंप किंवा जुन्या ओल्या भिंतीतली असते. नाहीतर वायरमनने दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र बांधलेले असतात. दोन्ही शोधून काढता येतात. एकेक स्विच बंद करत गेलात तर अर्धे काम तुम्हीच कराल.

तिसरी गोष्ट खोड नव्हे, काळाचा फेरा म्हणा. जुन्या वाड्यांत पाण्याच्या जीआय पाइपलाच अर्थची तार बांधण्याची पद्धत होती. लांबच लांब लोखंडी पाइप जमिनीत असल्याने ते चालूनही जाई. आता मधला गळका तुकडा बदलून प्लॅस्टिकचा पाइप घातला जातो. नळाला पाणी पूर्वीसारखे येते, पण अर्थिंग त्या तुकड्यापाशी तुटलेले असते. प्लंबरला याची कल्पना नसते आणि वायरमनला कुणी बोलावत नाही. सातारच्या जुन्या पेठांत आणि सांगलीच्या गावभागात ज्यांची घरे दोन-तीन पिढ्यांची आहेत, त्यांनी एकदा हे बघून घ्यावे.

मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी आहे, महावितरणची नाही. त्यामुळे हे सारे बघायला आपण होऊन कुणी घरी येणार नाही.

रॉडबद्दल थोडे वेगळे बोलले पाहिजे, कारण ज्यांना गिझर परवडत नाही, जे भाड्याच्या खोलीत राहतात, ते रॉडच वापरतात. रॉडचे अपघात बहुतेक एकाच क्षणी होतात : पाणी तापले का हे बोट बुडवून पाहताना. रॉड चालू असताना बादलीतले पाणी ही उघडी तार समजावी. लोखंडी बादली असेल तर बादलीसुद्धा. प्लॅस्टिकची बादली सुरक्षित वाटते, पण ती फक्त बाहेरून; आतल्या पाण्याला बोट लावले की सारखेच. आधी स्विच बंद, मग पिन सॉकेटमधून बाहेर, मग रॉड बाहेर, मग पाण्याला हात. हा क्रम लहान मुलांनाही पाठ हवा, आणि खरे तर रॉडपाशी मुलांना जाऊच देऊ नये. दोन पिनांचा रॉड विकत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी. त्याला अर्थची वाटच नसते. तीन पिनांमधली मोठी पिन जाड आणि लांब असते ती यासाठी की पिन खोचताना अर्थ आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून ती पिन कापून टाकणारे महाभाग आहेत. गिझर असो की रॉड, आयएसआय चिन्हाशिवाय विकायलाच मनाई आहे. केंद्र सरकारचा तसा आदेश २००३ मध्ये निघाला. तरीही आठवडा बाजारात काय काय मिळते ते आपण पाहतो.

सौर बंब बसवलेल्यांना वाटते आपला विजेशी संबंध नाही. टाकीत ढगाळ दिवसांसाठी बॅकअपची कॉइल आहे का ते पाहा. असली तर तीही कॉइलच, तिलाही क्षार बसतात, आणि तिची तार गच्चीवर उन्हापावसात असते. गॅस गिझरमध्ये झटक्याचे भय नाही, पण बंद न्हाणीघरात त्याच्या ज्योतीतून होणारा कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला बेशुद्ध करतो. गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा, एवढेच इथे सांगतो. तो विषय वेगळा आहे.

कृष्णाकाठच्या लोकांसाठी मात्र थोडे थांबतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीत हजारो घरांचे बोर्ड, सॉकेट आणि भिंतीतले पाइप गढूळ पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर घाई असते ती दिवे लावण्याची, आणि ती समजण्यासारखी आहे. पण भिंतीतल्या पाइपात गाळ अडकतो, तो महिनोन् महिने ओला राहतो. गाळात बुडालेला एमसीबी, आरसीसीबी आणि सॉकेट वाळवून पुन्हा वापरू नयेत, बदलावेत; बाहेरून पुसले तरी आतल्या यंत्रणेत माती राहते आणि ऐन वेळी खटका अडकतो. तारांची मेगरने तपासणी करून घ्यावी. मेगर प्रत्येक परवानाधारक ठेकेदाराकडे असतो आणि एका घराला तासाभराचे काम असते. पुन्हा पूर आला तर निदान बोर्ड तरी वाचावा म्हणून २०१९ नंतर काही जणांनी तो वरच्या मजल्यावर हलवला. हे मला फार शहाणपणाचे वाटते.

नव्या न्हाणीघराचे काम काढणार असाल तर गिझरचा स्विच दाराबाहेर घ्या आणि गिझर शॉवरच्या डोक्यावर टांगू नका. परदेशी नियमांत न्हाणीघराचे पाण्यापासूनच्या अंतरानुसार विभाग पाडलेले असतात. आपली चार बाय सहा फुटांची न्हाणीघरे पाहिली तर अख्खी खोलीच पहिल्या विभागात जाते, म्हणून आत सॉकेट नसणे हेच बरे. तार तांब्याची, निदान अडीच चौरस मिलिमीटरची, गिझरपर्यंत स्वतंत्र. दाराची कडी बाहेरून उघडता येईल अशी ठेवा. आत कुणाला झटका बसला तर धरून ओढू नका. आधी मेन बंद करा, मग दार, मग माणूस. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे सुरू करून १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगा.

सगळ्या घराची वायरिंग बदलण्याइतके पैसे एकदम हाताशी नसतात, हे मला माहीत आहे. अशा घरांत मी आधी फक्त गिझरच्या लाइनवर १६ अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ लावून देतो. एमसीबी आणि आरसीसीबी या दोघांचे काम तो एकटा करतो. दुकानात मागताना ३० मिलिअँपिअर असे नीट सांगा आणि वर छापलेले वाचून घ्या. १०० आणि ३०० चेही मिळतात, ते आगीपासून बचावासाठी असतात, माणसासाठी नाहीत.

आणि ज्यांच्याकडे आरसीसीबी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर त्याच्यावरचे लहानसे बटण पाहावे. त्यावर टी हे इंग्रजी अक्षर किंवा टेस्ट असे लिहिलेले असते. वीज चालू असताना ते दाबायचे. खटका खाली पडला पाहिजे. हे बटण अर्थिंग तपासत नाही, खटक्याची यंत्रणा जिवंत आहे की गंजून बसली आहे एवढेच सांगते. महिन्यातून एकदा, वीजबिल आले की त्याच दिवशी दाबत जा, म्हणजे विसरणार नाही. दाबूनही खटका पडला नाही तर त्या दिवशी गिझर बंद ठेवा, पाणी चुलीवर किंवा शेगडीवर तापवा आणि वायरमनला बोलवा. तो म्हणेल, "सवडीनं येतो." त्याला सांगा, आजच ये.